चुलवाणातला हिशेब

संक्रांतीला एका दारी ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणायचे आणि शेजारच्या दारी ‘एळ्ळु-बेल्ल’ची वाटी हातात घ्यायची, हे सीमाभागातल्या घरांना नवे नाही. पाडव्याला कडुनिंबाबरोबर गुळाचा खडा आणि युगादीला ‘बेवु-बेल्ल’ एकाच ताटलीतून वाटले जाते. पुरणपोळी म्हणा की होळिगे म्हणा, आत शिजतो तो गूळच. ज्या चिकट रसाला मराठीत काकवी म्हणतात, त्याला कन्नडात काकंबी म्हणतात, आणि उसाचा घाणा तिकडे गाण होतो. उसाच्या या गोडव्याने दोन भाषांना किती जवळ बांधून ठेवले आहे, हे सणावारी सहज जाणवते.

परंतु हा गूळ तयार होताना जळते काय आणि वाया जाते काय, याचा विचार आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच होतो. बेळगाव, चिक्कोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी गुऱ्हाळ पाहिलेले असते. रस प्यायलेला असतो, गरम गूळ पानावर घेऊन चाटलेला असतो. आठवणीत राहते ती काहील आणि तिच्यात उसळणारा सोनेरी पाक. तिच्या खाली, जमिनीच्या पोटात धगधगणाऱ्या चुलवाणाकडे मात्र फारसे कोणी वाकून पाहत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही अभियंत्यांनी नेमके तेच केले. त्यांना तिथे जे सापडले, ते गुऱ्हाळमालकाच्या, शेतकऱ्याच्या आणि गूळ विकत घेणाऱ्या गृहिणीच्याही कामाचे आहे.

गूळ करणे म्हणजे पाणी घालवणे

गुळाची कृती थोडक्यात सांगायची तर उसाच्या रसातले पाणी घालवणे, एवढीच आहे. एक टन ऊस घाण्यात घातला, की साधारण सहाशे किलो रस निघतो. त्या रसातून शंभर ते सव्वाशे किलो गूळ हाती येतो. मळी म्हणून काढून टाकलेला थोडा भाग सोडला, तर उरलेले साडेचारशे ते पाचशे किलो पाणी वाफ होऊन आकाशात जाते. म्हणजे एक किलो गुळासाठी चार किलोहून अधिक पाणी उडवावे लागते.

पाणी उडवणे स्वस्त नसते. गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. चहाचे आधण पाच मिनिटांत उकळते, पण तेच पातेले कोरडे पडायला किती वेळ लागतो, हे विसरून गॅस चालू राहिलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. एक किलो पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सहाशेहून थोड्या अधिक किलोकॅलरी खर्च होतात. त्या हिशेबाने एक किलो गुळाला पंचवीसशे ते अठ्ठावीसशे किलोकॅलरी लागतील.

ही उष्णता येते कुठून? उसाच्याच चिपाडातून. घाण्यातून निघालेल्या ओल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते गुऱ्हाळाभोवती पसरून उन्हात वाळवतात आणि चुलवाणात घालतात. नीट वाळलेले एक किलो चिपाड जळले, तर साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी मिळतात. म्हणजे कागदावर पाहिले, तर एक किलो गुळाला पाऊण किलोहूनही कमी चिपाड पुरायला हवे. मग गुऱ्हाळापुढचा चिपाडाचा ढीग रोजच्या रोज संपतो कसा, आणि वरून लाकूडफाटा का आणावा लागतो?

एका धुराड्याची तपासणी

या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर मुंबईच्या आयआयटीतील विशाल सरदेशपांडे, डी. जे. शेंडगे आणि इंदू पिल्लई या संशोधकांनी दिले. चार काहिलींच्या एका गुऱ्हाळाच्या भट्टीचा त्यांनी केलेला अभ्यास २०१० साली ‘एनर्जी’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी घरातल्या जमाखर्चासारखा उष्णतेचा जमाखर्च मांडला. चिपाडातून आली किती, रसाला लागली किती, धुराड्यातून गेली किती आणि भिंतींनी खाल्ली किती?

उत्तर डोळे उघडणारे होते. चिपाड जळून निघालेल्या उष्णतेपैकी गूळ करायला खरोखर लागत होती ती फक्त २९ टक्के. बाकीचा मोठा वाटा धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर आणि भट्टीच्या भिंतींतून निघून जात होता. रुपयातले एकाहत्तर पैसे असे हवेत आणि मातीत जात होते. जुन्या पद्धतीने जाळ घातला असता एक किलो गुळामागे २.३९ किलो चिपाड जळत होते.

यावर त्यांनी नवी भट्टी बांधली नाही की महागडे यंत्र बसवले नाही. त्यांनी बदलली ती जाळ घालण्याची पद्धत. एरवी जाळ घालणारा गडी चिपाडाचा मोठा भारा एकदम आत ढकलतो, मग थोडा दम घेतो आणि आच उतरली की पुन्हा भारा ढकलतो. आपल्या चुलीतही लाकडे एकदम कोंबली, की आधी नुसता धूर होतो आणि नंतर भडका उडतो, तसेच तिथेही घडते. भारा पडताच आतली हवा अपुरी पडते, जळू शकणारा वायू न जळताच काळा धूर होऊन बाहेर पडतो. भारा जळून संपत आला, की उलटे होते. धुराडे ओढ काढतच असते, गरजेपेक्षा जास्त गार हवा आत शिरते, तापते आणि ती उष्णता घेऊन बाहेर निघून जाते.

या दोन टोकांमधली योग्य जागा ओळखायची कशी? हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. धुराड्यातून निघणाऱ्या वायूत त्यातला किती शिल्लक राहिला, हे मोजले की आत काय चालले आहे ते कळते. फार शिल्लक असेल तर हवा जास्त होते आहे, अगदीच कमी असेल तर जळण जास्त होते आहे. संशोधकांनी हे प्रमाण पाहून चिपाड मोजके आणि नियमित घालायला लावले. तेवढ्या एका बदलाने किलोमागचे चिपाड २.३९ वरून १.७३ किलोवर आले. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक जळण वाचले.

शंभर किलो गुळामागे ६६ किलो चिपाड. दिवसाला एक टन गूळ काढणारे गुऱ्हाळ धरले, तर रोजचे ६६० किलो, आणि शंभर दिवसांच्या हंगामात ६६ टन. आता दुसरी बाजू पाहा. एक टन उसाचे चिपाड वाळल्यावर साधारण दोनशे किलोच्या आसपास भरते. त्या उसाचा गूळ एकशे दहा किलो धरला, तर जुन्या पद्धतीने त्याला अडीचशे किलोहून अधिक जळण हवे. म्हणजे घरचे चिपाड पुरत नाही. नव्या पद्धतीने एकशे नव्वद किलोत भागते. ढोबळ हिशेब आहे, पण तुटीचे गुऱ्हाळ स्वतःच्या जळणावर उभे राहण्याइतका फरक त्यात आहे. चिपाड कमी पडते तिथेच झाडे तुटतात, आणि काही ठिकाणी तर जुने टायरसुद्धा चुलवाणात जातात. त्या धुराचा त्रास सगळ्या वस्तीला होतो.

काहिलीला पाती आणि रसाला बर्फ

जाळ सुधारला, तरी १.७३ किलोतलीही निम्म्याहून अधिक उष्णता वायाच जाते. ती पकडण्याचे आणखी मार्ग संशोधकांनी शोधले आहेत.

लखनऊच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत एस. आय. अन्वर यांनी काहिलीच्या तळाकडे लक्ष दिले. सपाट तळाला खालच्या बाजूने धातूच्या पट्ट्या, म्हणजे पाती जोडल्या, तर आगीला स्पर्श करणारा पृष्ठभाग वाढतो. मोटारसायकलच्या इंजिनावर अशी पाती असतात, ती उष्णता बाहेर फेकायला. इथे तीच युक्ती उष्णता आत घ्यायला वापरली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इंधनाची बचत तीस टक्क्यांच्या आसपास मिळाली. तळ वरून गुळगुळीतच राहतो, त्यामुळे पाक ढवळताना आणि काहील घासताना काही अडत नाही.

कोल्हापूरच्या आणि आपल्या भागातल्या जुन्या पद्धतीत एकच मोठी काहील असते. तिच्याखालून निघालेला तप्त वायू थेट धुराड्यात जातो. ओळीने दोन, तीन किंवा चार काहिली मांडल्या, तर पहिलीखालून निघालेला वायू दुसरीला, मग तिसरीला तापवत जातो. धुराड्याजवळच्या शेवटच्या काहिलीत ताजा रस नुसता गरम होत राहतो. एका चुलीच्या वैलावर दूध तापत ठेवायची आपल्या आज्यांची सवय हीच होती.

सर्वांत वेगळी वाट मुंबईच्या आयआयटीतच मिलिंद राणे आणि सिद्धार्थ जबडे यांनी सुचवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली कल्पना ऐकायला उफराटी वाटते. त्यांना रस आटवण्याआधी गोठवायचा होता. पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता द्यावी लागते, तिच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकीच काढून घेतली की त्याच पाण्याचा बर्फ होतो. रस गार करत नेला, तर त्यातले पाणी बर्फाच्या थराच्या रूपाने वेगळे होते आणि मागे दाट रस उरतो. शंभर किलो रसात वीस किलो घन पदार्थ असतील, तर त्याला वीस ब्रिक्स म्हणतात. असा रस गोठवून चाळीस ब्रिक्सपर्यंत नेला, तर चुलवाणावर आटवायचे पाणी निम्म्याहूनही कमी उरते. याला वीज लागते, यंत्र लागते, ते सांभाळणारा माणूसही लागतो. म्हणून उद्या सकाळी ते प्रत्येक गुऱ्हाळात येईल असे नाही. परंतु शेकडो वर्षे जी गोष्ट आगीनेच होते असे आपण धरून चाललो, ती थंडीनेही होऊ शकते, हे यातून दिसले.

अनुभव आणि थर्मामीटर

यंत्राच्या गोष्टी सांगताना गुळव्याला विसरून चालणार नाही. पाक उतरवण्याची वेळ तो बुडबुड्यांच्या आकारावरून, वासावरून, आणि गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी वळते त्यावरून ठरवतो. ही विद्या पिढ्यान्पिढ्यांची आहे. थर्मामीटर तिला खोटे ठरवत नाही. १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवली तर काकवी, ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर ढेपेचा गूळ, आणि आणखी थोडा वर गेला तर दाणेदार गूळ, असे जे पुस्तकात लिहिले आहे, ते गुळव्याच्या बोटांना आधीच माहीत असते. फरक इतकाच, की बोटांची माहिती मुलाला देता आली नाही तर ती बोटांबरोबर जाते. आज गुळव्यांची मुले या कामात यायला तयार नाहीत. अंगावर वाफ, डोळ्यांत धूर आणि वर्षातले चार-पाच महिनेच काम, यात त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? थर्मामीटरवरचा आकडा आणि वहीतली नोंद मात्र दुसऱ्याला देता येते.

चुलवाणापुढे बसणाऱ्या माणसाचे तर नावही कोणी घेत नाही. मुंबईच्या संशोधकांनी मोजलेली सगळी बचत त्याच्या हातांनी झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. मोजके आणि वारंवार जळण घालायचे, तर त्याला दम खायला वेळ मिळत नाही. जिथे मजुरी आधणावर ठरते, तिथे चिपाड वाचवून त्याच्या पदरात काही पडत नाही. फायदा मालकाचा आणि जादा कष्ट मजुराचे, अशी विभागणी राहिली तर उत्तम शोधही दोन दिवसांत मागे पडतो. वाचलेल्या चिपाडातला वाटा त्याला द्यावा, किंवा जळण घालायची सोपी सोय करून द्यावी. नाहीतर शोधनिबंध ग्रंथालयात आणि भारा चुलवाणात, असेच चालू राहील.

वाचलेल्या चिपाडाला भाव आहे

पूर्वी चिपाड वाचवून करायचे काय, असे कोणी विचारले असते तर उत्तर सोपे नव्हते. आता तसे राहिले नाही. कर्नाटकात सर्वाधिक साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. शंभर टन ऊस गाळला की कारखान्यात अठ्ठावीस ते तीस टन ओले चिपाड, म्हणजे बगॅस, निघते. उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळून कारखाने स्वतःची वीज भागवतात आणि उरलेली विकतात. कागद आणि पुठ्ठ्याच्या उद्योगालाही चिपाड हवे असते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे ऊस म्हणजे साखर हे जुने समीकरणही बदलले. आता कारखान्याला त्याच उसातून साखर, वीज आणि इंधन अशी तिहेरी मिळकत आहे.

गुऱ्हाळाची लढाई या तिहेरी मिळकतीशी आहे. गुऱ्हाळाजवळ एक ढेप आहे आणि एक चिपाडाचा ढीग आहे. तो ढीग राखला, तरच शेतकऱ्याला उसाचा बरा भाव देता येईल. म्हणून जळणाचा हिशेब हा विज्ञानाच्या वर्गातला प्रश्न राहिलेला नाही. गावातले गुऱ्हाळ चालू राहणार की पत्रे काढून विकले जाणार, हे त्यावर ठरू शकते.

गोरा गूळ हवा कोणाला?

आता थोडे आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. बाजारात पिवळाधमक, गोरा गूळ जास्त भाव खातो, हे आपण पाहतोच. रसाचा रंग उसाच्या वाणावर, जमिनीवर, पाण्यावर आणि आचेवर अवलंबून असतो. रसात योग्य प्रमाणात चुना घालून आम्लता कमी करायची, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकून मळी वर आणायची आणि ती वेळीच काढायची, हा जुना आणि निर्धोक मार्ग. याने गूळ स्वच्छ होतो, पण दर वेळी गोरा होतोच असे नाही. मग बाजाराला खूश करण्यासाठी हायड्रोसची पावडर टाकली जाते. तिच्यातल्या गंधकाच्या संयुगामुळे रंग तात्पुरता उडतो. काही महिने ठेवला की तोच गूळ पुन्हा काळवंडतो. गुळात गंधकाचा डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा आहे. ती पाळली गेली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र असो, की कर्नाटकातील मंड्याचे केंद्र, गुळाची प्रत टिकवण्यावर अशा ठिकाणी दीर्घकाळ काम झाले आहे. संकेश्वरला धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे केंद्र उसाचे वाण तयार करते. ‘कोल्हापूर गूळ’ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दुकानात उभे राहून ‘जरा गोरा दाखवा’ असे म्हणणारे गिऱ्हाईक जोवर आहे, तोवर ही सगळी विद्या पावडरीपुढे हरते. आच एकसारखी राहिली, की पाक करपत नाही आणि रंगही आपोआप उजळ राहतो. चांगला जाळ आणि चांगला रंग यांचे असे नाते आहे. तपकिरी, खमंग वासाचा गूळ मागून घेणे, त्याचा बनवणारा कोण हे विचारणे, आणि वर्षाचा गूळ शक्य तर ओळखीच्या गुऱ्हाळातून आणणे, एवढे आपल्या हातात नक्की आहे.

एक वजनकाटा आणि एक वही

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये पुष्कळ आहेत. शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणारी मुले आपल्या घराघरांत आहेत. त्यांतली निम्मी मुले गुऱ्हाळवाल्याशी मराठीत आणि जाळ घालणाऱ्याशी कन्नडात बोलू शकतात. मुंबईच्या आणि लखनऊच्या संशोधकांकडे नसलेली ही जमेची बाजू आहे.

सुरुवातीला फार काही लागत नाही. एक वजनकाटा, एक थर्मामीटर, एक घड्याळ आणि एक वही. एका आधणाला किती चिपाड गेले, ते किती वाळलेले होते, किती वेळाने आणि किती किती घातले, गूळ किती निघाला, एवढे आठ दिवस लिहून काढावे. मग धुरातला प्राणवायू मोजणारे उपकरण महाविद्यालयातून दोन दिवस आणावे, आणि त्या गुऱ्हाळाला कोणती मात्रा मानवते ते ठरवावे. मात्रा एकदा ठरली, की उपकरण परत गेले तरी चालते. तेवढ्या मापाची पाटी आणि तेवढ्या अंतराची सवय मागे राहते.

आपल्याकडे दर हंगामात उसाच्या दरावरून सभा होतात, रस्ते अडतात, आणि ते करावेही लागते. पण दर ठरवणे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाती असते. चुलवाणात काय आणि किती जाते, हे मात्र गुऱ्हाळवाल्याच्याच हाती आहे. यंदाच्या हंगामात सीमेच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या एखाद्या गुऱ्हाळाने आपल्या दारावर ‘किलोला इतके चिपाड’ असा आकडा खडूने लिहिला, तर शेजारचा गुऱ्हाळवाला आपलाही मोजल्याशिवाय राहणार नाही.